पहिली तारीख आणि न आलेल्यांची यादी

भोपाळच्या मराठी घरात महिना नेमका कोणत्या दिवशी सुरू होतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ असते आणि शेजाऱ्यांच्या भिंतीवर जबलपूरचे लाला रामस्वरूप यांचे पंचांग. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा सावन लागला तरी आपला श्रावण यायला पंधरा दिवस अवकाश असतो. महाशिवरात्र दोघांची एकाच रात्री येते, पण ती आपल्या माघात आणि त्यांच्या फाल्गुनात. गंमत म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदेला दोघांचेही नवे वर्ष उजाडते, तेव्हा त्यांचा चैत्र निम्मा सरलेला असतो. जुन्या शहरात तर महिना सकाळी सुरूच होत नाही. तो चंद्रदर्शनाने, सायंकाळी सुरू होतो. आणि या सर्वांवर अधिकार चालतो तो इंग्रजी महिन्याच्या पहिल्या तारखेचा, कारण त्या दिवशी पगार होतो.

आपल्या येथील मराठी वस्ती बरीचशी या पहिल्या तारखेच्या आधारावरच उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे आपले संसार ट्रंकांत भरून इकडे आली. ग्वाल्हेर-इंदूरकडची आली, पुढे ‘भेल’च्या कारखान्यामुळे पिपलानी-बरखेड्यात आणखी आली. ही बहुतेक मंडळी पगारदार. पहिल्या तारखेला पाकीट हाती यायचे, त्याच संध्याकाळी वाणसामानाची यादी व्हायची, दूधवाल्याचा हिशेब चुकता व्हायचा आणि मुलांच्या फीचे पैसे वेगळे काढून ठेवले जायचे. रेडिओ सिलोनवर दर महिन्याच्या पहिल्या सकाळी किशोरकुमारचे जे गाणे हमखास लागायचे, ते १९५४ सालच्या ‘पहली तारीख’ या चित्रपटातले. चित्रपट राजा नेने यांचा आणि चाल सुधीर फडके यांची. साऱ्या हिंदुस्थानच्या पगाराच्या दिवसाला स्वर दिला तो आपल्या बाबूजींनी, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वैद्यकीय व्यवसायात मात्र पहिली तारीख अशी नसतेच. शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना पगार मिळतो, पण त्यांच्या बाह्यरुग्ण विभागाची रांग एकतीस तारखेला जेथे तुटते तेथूनच एक तारखेला पुढे चालू होते. खासगी दवाखान्यात तर महिना संपल्याची जाणीव होते ती विजेचे बिल आले म्हणजे. आपला दिवस रुग्णसंख्येने मोजला जातो, वर्ष परिषदांनी आणि मुलांच्या परीक्षांनी. मधला महिना आपल्या हाती लागतच नाही.

नवा महिना नव्या उमेदीने आणि शिस्तीने सुरू करावा, असा उपदेश अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. टेबल आवरा, संकल्प लिहा, जमाखर्च मांडा, नको त्या वस्तू काढून टाका. या उपदेशाशी माझे भांडण नाही. त्याला थोडा शास्त्रीय आधारही आहे. अमेरिकेतील हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तीन संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले, की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या आरंभी माणसे व्यायामशाळेकडे अधिक वळतात. काळाच्या प्रवाहात एखादी रेघ ओढली गेली, की तिच्या अलीकडचा आळस जणू दुसऱ्याच कोणाचा होता असे मनाला वाटते आणि नव्या आरंभास बळ मिळते. आपल्याकडच्या बाया-बापड्यांना हे संशोधनाविना ठाऊक होते. म्हणून तर एकादशी, संकष्टी आणि प्रतिपदा या नेमधर्माच्या खुंट्या काळाच्या भिंतीवर ठोकलेल्या आहेत.

माझे म्हणणे वेगळे आहे. डॉक्टरने महिन्याचा आरंभ आपल्या टेबलापासून किंवा संकल्पापासून करू नये. तो न आलेल्या रुग्णांपासून करावा.

जो रुग्ण येतो त्याची चिंता करायला आपण समर्थ आहोत. तो समोर बसतो, तक्रार सांगतो, वाद घालतो, कधी रागावतो. त्याच्यासाठी दिवसभराची व्यवस्था असतेच. जो येत नाही त्याचा आवाज दवाखान्यात कोठेच उमटत नाही. मागच्या महिन्यात ज्याला तीस दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, त्याचा एकतिसावा दिवस कोणाच्याही लक्षात येत नाही. तो बरा झाला म्हणून आला नाही, की दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, की मुलाकडे पुण्याला गेला, की पैसे नव्हते, की अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला, यांतले काहीच आपल्याला कळत नाही. आणि कळत नाही हेसुद्धा कळत नाही, कारण त्याची रिकामी जागा त्याच सकाळी दुसऱ्या रुग्णाने भरून काढलेली असते. दवाखाना भरलेला आहे याचा अर्थ रुग्ण उपचारात टिकून आहेत असा होत नाही, ही साधी गोष्ट गर्दीमुळे झाकली जाते.

दीर्घकालीन आजारांत नियमाने औषध घेणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी निम्म्याच्या आसपास असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालच्या अहवालात नमूद केले होते. आपल्याकडे ते त्याहून चांगले असण्याचे कारण मला दिसत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला काही दुखत नसते. औषध थांबविले तरी आठ दिवस काही बिघडल्यासारखे वाटत नाही. उलट गोळ्यांचे पैसे वाचतात. भोपाळात आपण सारेच ज्याला ‘पर्चा’ म्हणतो तो कागद पाकिटात घडी होऊन पडून राहतो आणि घडीवर फाटतो.

या न येण्यामागे महिन्याची स्वतःची एक चाल असते, आणि ती आपण ओळखली पाहिजे. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत येणारा माणूस आणि शेवटच्या दहा दिवसांत येणारा माणूस एकच असला तरी त्याचा खिसा एक नसतो. निवृत्तिवेतन जमा झाले की आजोबा रिक्षा करून येतात, तपासण्या करून घेतात, महिन्याची औषधे एकदम नेतात. रोजंदारीवरची बाई मात्र सात दिवसांचीच औषधे मागते. वीस-बावीस तारखेनंतर कित्येकांच्या गोळ्या एकाआड एक होतात. विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, कारण डॉक्टर रागावतील ही भीती असते. म्हणून तपासणीसाठी येण्याची तारीख देताना रुग्णाचा पैसा कोणत्या तारखेला येतो, हे विचारून घ्यावे. ज्याचे वेतन सात तारखेला होते त्याला तीस तारखेला बोलावण्यात काय हशील? त्याच वेळी जनऔषधी केंद्राचा रस्ता दाखवून द्यावा. यात आपला काही मिनिटांचा वेळ जातो, पण तो माणूस औषधावर टिकतो.

न आलेल्यांची यादी करणे ही काही माझी कल्पना नव्हे. क्षयरोग कार्यक्रमाने ती फार पूर्वी आपल्या देशात रुजविली. १९९७ पासून विस्तारलेल्या सुधारित राष्ट्रीय कार्यक्रमात रुग्णाच्या नावाचे एक खोके असे आणि त्यात त्याच्या संपूर्ण उपचाराची औषधे आधीच ठेवलेली असत. खोके शेल्फवर दिसे. त्यातली औषधे जागच्या जागी राहिली तर माणूस आलेला नाही हे उघड व्हायचे. आता पद्धत बदलली, नोंदी संगणकावर गेल्या, पण त्या खोक्यातील शहाणपण मला आजही मोलाचे वाटते. अनुपस्थिती डोळ्यांना दिसली पाहिजे, हे ते शहाणपण. रक्तदाबाच्या बाबतीत नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हेच केले. आरंभीच्या पाच राज्यांत आपले मध्य प्रदेश होते आणि महाराष्ट्रही होते. ठरावीक औषधांची सोपी उपचारपद्धती, जवळच्या केंद्रावर महिन्याची औषधे, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि ठरल्या दिवशी न येणाऱ्यांना आठवण, एवढीच त्याची सामग्री. महागडे यंत्र एकही नाही. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्तरावर या उपक्रमाचा गौरव झाला. जे प्राथमिक आरोग्य केंद्राला जमते ते अरेरा कॉलनीतील वातानुकूलित दवाखान्याला जमू नये, हे थोडे चमत्कारिक आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो. महिन्याचा पहिला रविवार, सकाळचे दोन तास, दवाखाना बंद. पहिला रविवार यासाठी, की पहिल्या तारखेला निवृत्तिवेतनधारकांची गर्दी असते आणि त्या दिवशी कोणतीही शिस्त टिकत नाही. सर्व रुग्णांची यादी करू जाल तर पहिल्याच महिन्यात कंटाळून सोडून द्याल. म्हणून फक्त काही गटांची नावे घ्यावीत: मधुमेह आणि रक्तदाब एकत्र असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, अपस्माराचे, क्षयाचे, मूत्रपिंडाचे, मानसिक आजारावरील औषधे घेणारे, आणि ज्या गर्भवतींची तपासणी राहून गेली आहे त्या. साधी वही पुरते. डाव्या बाजूला नाव आणि येण्याचा महिना, उजव्या बाजूला आल्याची खूण. ज्याच्यासमोर खूण नाही त्याला सोमवार ते शनिवार, रोज तीन-चार जणांना, दूरध्वनी करायचा. सहायकाने केला तरी चालतो, पण अपस्माराच्या आणि मानसिक आजाराच्या रुग्णांना स्वतः करावा, असे माझे मत आहे.

येथे काही व्यवसायबंधू हरकत घेतात, आणि ती हरकत क्षुल्लक नाही. डॉक्टरने रुग्णाला आपण होऊन फोन करणे म्हणजे गिऱ्हाईक बोलावणे नव्हे काय? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेने रुग्ण मिळविण्यासाठी याचना करणे अनैतिक ठरविले आहे. ज्या काळात रुग्णालयांचे विक्री विभाग ‘आपली तपासणी बाकी आहे’ असे संदेश पाठवून लोकांना भेडसावतात, त्या काळात ही शंका मनात येणे निरोगीपणाचेच लक्षण आहे. पण उपचारास स्वीकारलेल्या रुग्णाकडे दुर्लक्ष करू नये, असेही तीच संहिता सांगते. दोहोंतील भेद फोनवरील वाक्यात असतो. ‘तुम्ही केव्हा येता?’ हा व्यापाराचा प्रश्न. ‘औषध चालू आहे ना? कोठूनही घ्या, पण बंद करू नका,’ हे डॉक्टरचे वाक्य. रुग्ण दुसरीकडे उपचार घेत असेल तर आनंद मानावा, वहीत तशी नोंद करावी आणि नाव खोडावे. या फोनचे शुल्क नाही, त्यात तपासणीचा आग्रह नाही. आणि फोन घरातील दुसऱ्या कोणी उचलला तर आजाराचे नाव उच्चारायचे नाही. सासरच्या माणसांना सुनेच्या गोळ्या कशाच्या आहेत हे आपल्याकडून कळता कामा नये.

दुसरी हरकत अशी, की रुग्णाची जबाबदारी रुग्णाचीच आहे. सज्ञान माणसाच्या मागे किती धावायचे? तत्त्व म्हणून हे मान्य. पण हा युक्तिवाद नेहमी निरोगी, शिकलेले आणि वाहन असलेले लोक करतात, असे माझ्या पाहण्यात आले आहे.

त्या रविवारचे दुसरे काम पंचांग पाहण्याचे. डॉक्टरांना मुहूर्त शिकविण्याचा माझा हेतू नाही. येत्या महिन्यात आपले कोणते रुग्ण उपवास करणार आहेत, हे आधी कळावे एवढ्यासाठी. भोपाळमध्ये त्यासाठी एक पंचांग पुरत नाही. हिंदीभाषक भगिनींचे सावनचे सोमवार आपल्या श्रावणी सोमवारांपूर्वीच लागतात. ज्या मराठी डॉक्टरचे लक्ष फक्त ‘कालनिर्णया’वर असते त्याला ते पंधरा दिवस उशिरा कळते. नवरात्र वर्षातून दोनदा, आणि दोन्ही वेळा नऊ दिवस केवळ फलाहारावर राहणाऱ्या मधुमेही स्त्रिया येथे पुष्कळ. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. तो उन्हाळ्यात आला की चौदा-चौदा तास पाण्याविना जातात. इन्शुलिन आणि साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या मात्रा उपवासाच्या आधी बदलाव्या लागतात. उपवासाच्या चौथ्या दिवशी घाम फुटून बेशुद्ध झालेल्या माणसाला शर्करेचे इंजेक्शन देणे हे उपचाराचे शेवटचे टोक झाले; पहिले टोक महिन्याच्या आरंभी पाहिलेले पंचांग आहे. ‘उपवास करू नका’ असे सांगून आपण मोकळे होतो, रुग्ण मान हलवितो आणि उपवास करतो. त्यापेक्षा ‘करणार आहात का?’ असे विचारून मात्रा लिहून देणे अधिक फलदायी. पंचांगाबरोबर शेताकडेही पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी सुरू झाली आणि पुढे नरवाई पेटू लागली, की विदिशा-रायसेन-सीहोरकडचे दम्याचे रुग्ण धापा टाकत येतात. फवाऱ्याचे औषध त्यांच्याकडे आहे की संपले, हे त्याआधी विचारायचे असते.

कपाटांची पाहणी हे काम मी मुद्दाम तिसऱ्या स्थानावर ठेवतो, कारण ते सर्वांना सुचते. आकस्मिक उपचाराच्या ट्रेमधील ॲड्रेनलीन, शर्करेची इंजेक्शने, प्राणवायूच्या सिलिंडरचा काटा, बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांची बॅटरी, लशींच्या फ्रीजमधील दोन ते आठ अंशांची नोंद. औषधाच्या वेष्टनावर मुदतीचा फक्त महिना छापलेला असेल तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत ते चालते. म्हणून मुदत संपल्याचा शोध घेण्यास महिन्याचा आरंभ हाच योग्य काळ. अग्निशामक नळकांडे मात्र विसरू नये. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री आपल्याच शहरातील कमला नेहरू रुग्णालयात तसेच घडले. त्यानंतर आठवडाभर शहरातील प्रत्येक नर्सिंग होममध्ये भिंतीवरच्या त्या लाल नळकांड्यावरील तारीख वाचली जात होती. आज किती ठिकाणी वाचली जाते?

कागदपत्रांविषयी फार लिहीत नाही. सनदी लेखापाल आपल्याला झोपू देत नाहीत. सोनोग्राफी केंद्रांचा ‘एफ’ नमुन्यासह मासिक अहवाल पाच तारखेपर्यंत, उद्गम कराचा भरणा सात तारखेपर्यंत. या दोन तारखा पहिल्या रविवारच्या आसपासच येतात ही सोयच आहे. एक गोष्ट तेवढी सांगतो. कंपाउंडर, सिस्टर आणि सफाईचे काम करणाऱ्या बाईंचा पगार पहिल्या तारखेला, आपल्या खर्चासाठी गल्ल्यातून एक रुपयाही उचलण्यापूर्वी, दिला गेला पाहिजे. ‘गर्दी कमी होते आहे, दहा तारखेला पाहू’ असे ज्या दवाखान्यात ऐकू येते तेथे न आलेल्यांची वही कोण मनापासून लिहील?

याद्यांविषयी बोलताना डॉ. अतुल गावंडे यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातील उटी. म्हणजे आमच्या वैदर्भीय मंडळींना ते घरचेच. त्यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रियेपूर्वी, चिरफाडीआधी आणि शेवटी उच्चारून पाहावयाची एकोणीस मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली पुढे आणली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांच्या अभ्यासात, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने हीच यादी शंभरावर रुग्णालयांत सक्तीची केली आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. कागद तोच होता. तो कोणी वाचून पाहत होते की नुसत्या खुणा करीत होते, यावर विद्वानांत वाद झाला. मला त्यावरून एवढे वाटते, की वही ठेवणे सोपे आणि वही वाचणे अवघड. न आलेल्यांची यादी संगणकाने आपोआप तयार केली आणि ती कोणी उघडलीच नाही, तर ती असून नसल्यासारखीच.

आपल्या समाजातील जे वाचक डॉक्टर नाहीत त्यांनाही या नेमात स्थान आहे, किंबहुना अर्धा भार त्यांचाच. तुलसीनगर-शिवाजीनगरच्या किती तरी घरांत आता दोनच वृद्ध माणसे राहतात. मुले बंगळुरूला किंवा परदेशी. अशा घरांनी निवृत्तिवेतनाच्या दिवशीच औषधांचा डबा रिकामा करावा. गेल्या महिन्याच्या किती गोळ्या उरल्या ते मोजावे. उरल्या असतील तर तेवढे दिवस चुकले, हे सरळ गणित आहे आणि ते डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरांत औषधांची नावे, वेळा, ॲलर्जी आणि जवळच्या माणसाचा क्रमांक लिहून तो फ्रीजच्या दारावर लावावा. दूरदेशीच्या मुलांना माझी विनंती आहे, की महिन्यातून एका संभाषणात ‘जेवलात का?’ याऐवजी ‘डबा मोजला का?’ असे विचारावे. आईला राग येईल; येऊ द्यावा.

आणि डॉक्टर स्वतः? त्याच रविवारी, दवाखान्यातून निघण्यापूर्वी, सिस्टरच्या समोर बसून स्वतःचा रक्तदाब मोजून घ्यावा आणि तो त्याच वहीत, रुग्णांच्या ओळीतच लिहावा. स्वतःला स्वतःच तपासणारे आणि नमुन्याच्या गोळ्यांवर वर्षे काढणारे डॉक्टर प्रत्येक शहरात आहेत. त्यांचेही नाव न आलेल्यांच्या यादीत बसते, फक्त ते कोणी लिहीत नाही.

भोपाळच्या डॉक्टरांना या यादीचे महत्त्व परक्या उदाहरणांवरून पटवून देण्याची खरे तर गरज नसावी. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने वायूच्या संपर्कात आलेल्या सुमारे ऐंशी हजार लोकांची नोंद करून त्यांचा दीर्घकालीन अभ्यास आरंभिला. १९८५ ते १९९४ अशी जवळजवळ दहा वर्षे तो चालला. त्या काळात त्यातील फार मोठा भाग पाठपुराव्यातून निसटत गेला. कोणी वस्ती बदलली, कोणी मजुरीसाठी गाव सोडले, कोणी मरण पावले, कोणी दाराशी येणाऱ्या माणसाला उत्तर देण्याचे थांबविले. पुढे वाचलेल्यांना उपचार मिळाले, रुग्णालये उभी राहिली. पण प्रत्येकाच्या आजाराची सलग नोंद कोठे आहे, हा प्रश्न पुन्हा पुन्हा न्यायालयात गेला. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गॅसपीडितांच्या नोंदी संगणकावर आणा, त्यांना आरोग्यपुस्तिका द्या, असा आदेश द्यावा लागला. दुर्घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी. एवढ्या मोठ्या दुःखाच्या शेजारी आपल्या दवाखान्याची वही मांडणे कदाचित विशोभित वाटेल. तरीही काझी कॅम्प, जयप्रकाश नगर किंवा चांदबडमधून येणारे जे मोजके वृद्ध रुग्ण आज आपल्याकडे येतात, त्यांची सलग नोंद ठेवणे हे तरी आपल्या हाती आहे.

म्हणून वर्षातील एका महिन्यापुरता मी या नेमाला अपवाद करतो. तीन डिसेंबरला भोपाळमध्ये स्थानिक सुट्टी असते. त्या महिन्याची वही पहिल्या रविवारी न उघडता त्या दिवशी सकाळी उघडावी आणि त्या वस्त्यांतील श्वसनविकाराच्या रुग्णांची नावे सर्वांत आधी घ्यावीत. थंडी सुरू झालेली असते, धुके आणि शेकोट्यांचा धूर जुन्या शहरावर उतरू लागलेला असतो, आणि ज्यांचा फवारा नोव्हेंबरमध्ये संपला त्यांनी तो भरून घेतला आहे की नाही, हे विचारायला तो दिवस उशिराचा नसतो. दुपारी बाराच्या आत पंधरा-वीस फोन होतात. क्रमांक बदललेले असतील तर शेजाऱ्याचा क्रमांक मागच्या पानावर लिहिलेला असावा. तो घ्यायला नोव्हेंबरमध्येच सांगून ठेवावे.